आयर्लंडातली म्हैस

सोनकांबळे बाईंनी बांधलेली पिशवी कात्रीशिवाय उघडत नसे. शेंगदाण्याची चटणी असो, कुणाच्या बाळाचं अंगडं-टोपडं असो की गच्चीवर वाळवलेल्या चिंचेचे गोळे असोत, बाई दोन्ही बंद एकमेकांत अडकवत, ओढत, पुन्हा अडकवत, पुन्हा ओढत आणि वर बघून म्हणत, "बसली." आमच्या घरात त्या गाठीला 'सोनकांबळे कुलूप' असं नावच पडलं होतं. माझे जावई पुण्याचे, स्वभावानं शांत. पहिल्या दिवाळसणाला बाईंनी दिलेली चटणीची पिशवी सोडायला बसले, ते जेवण निवलं तरी बसलेलेच. शेवटी त्यांच्या तोंडून जो शब्द निघाला तो आमच्याकडे जावयानं सासरी उच्चारायचा नसतो.

कॉलेजातही तीच गत होती म्हणे. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बाई स्वतः बांधायच्या. गठ्ठा सोडताना तपासनिसाच्या बोटाला सुतळी कापल्याची तक्रार एकदा प्राचार्यांपर्यंत गेली. बाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि पुढच्या वर्षी गठ्ठ्याबरोबर एक ब्लेड पाठवलं. गाठ मात्र तीच.

मी त्यांच्या पलीकडच्या घरातली. मधे कंबरेएवढी भिंत आणि तिच्यावर दोघींच्या कुंड्या. मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, बाई कॉलेजात इंग्रजी शिकवून. कथा-कादंबऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. पहिल्याच पानावर एक माणूस येतो आणि तो कोण हे लेखक चाळीस पानं सांगत नाही. मला 'समजा' म्हटल्याशिवाय क्ष आलेला चालत नाही. बाईंना हे ठाऊक होतं आणि बहुधा म्हणूनच त्यांनी पुढे आपल्या भाषांतराच्या कामाला मला धरलं. मला टायपिंग येतं हे दुसरं कारण.

बाई दिसायला लहानशा होत्या, पण आवाज असा की गल्लीच्या टोकाला भाजीवाला थांबायचा. चालणं भराभर. खांद्याला कापडी झोळी, तिच्यात बडीशेपेची डबी, चष्मा आणि सुतळीचा एक गुंडा. सुतळी कशाला, असं विचारलं तर म्हणायच्या, "लागते हो." शिकवण्याची त्यांची एक तऱ्हा होती. "समजलं का?" असं त्या वर्गात कधीच विचारत नसत. त्यावर सगळी मुलं माना डोलावतात, आणि डोलणाऱ्या मानेवर विश्वास ठेवू नये असं त्यांचं मत होतं. त्या धडा इंग्रजीतून वाचायच्या, मग पुस्तक मिटून शेजारच्या घरातली भानगड सांगावी तसा मराठीत सांगायच्या, आणि मग कुणाकडे तरी बोट करायच्या. "आता तू सांग."

"जे तोंडात बसत नाही ते कागदावर बसवू नये," हे त्यांचं वाक्य. मी एकदा चिडून म्हटलं, असं असेल तर काटकोन त्रिकोणाचं प्रमेय तोंडी सांगून दाखवा. बाईंनी ते आधी माझ्याकडून ऐकलं, दोन भावांची शेतं मिळून तिसऱ्या तिरक्या भावाच्या शेताएवढी भरतात असं करून मलाच परत सांगितलं. मला राग आला, कारण ते बरोबर होतं.

कादंबरी आली ती त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून. तो आयर्लंडात नोकरीला आहे. तिथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याला ती दिसली आणि बाईंची आठवण झाली म्हणून त्यानं पाठवून दिली. कुमारवयातल्या मुलांसाठी लिहिलेली ऐतिहासिक कादंबरी. शंभर वर्षांपूर्वीचं आयर्लंड. इंग्रजांचं राज्य जावं म्हणणारे आणि राहावं म्हणणारे एकाच गावात, समोरासमोरच्या घरांत राहतात. तेरा वर्षांची मुलगी. रस्त्यावरून सैनिकांच्या लॉऱ्या फिरतात, आज याचं घर जळतं, उद्या त्याचं. त्यात तिनं शाळेत जायचं, गाय बांधायची, मोठं व्हायचं. आणि तिची जिवाभावाची मैत्रीण नेमकी दुसऱ्या बाजूच्या घरातली.

बाई पुस्तक संपवून भिंतीशी आल्या. "हे आमचंच आहे हो जोशीबाई," त्या म्हणाल्या. "फक्त पाऊस जास्त आहे."

मी ते हसण्यावारी नेलं. आमच्या लातूरला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्यामुळे पाऊस जास्त असलेल्या कुठल्याही देशाबद्दल आमच्या मनात थोडा आकस असतोच. बाई मात्र हसल्या नाहीत. हे मराठीत आणणार, असं सांगून त्या घरात गेल्या.

आता आमची गल्ली म्हणजे लातूरच्या शिकवणीच्या धंद्याची मागची बाजू. दर घराच्या वरच्या मजल्यावर डॉक्टर होऊ घातलेल्या चार-सहा मुली. चाकूरच्या, मुरुडच्या, औशाच्या. रविवारी सकाळी त्यांची परीक्षा असते आणि दुपारी त्या धुतलेल्या कपड्यांसारख्या गॅलऱ्यांवर लोंबत असतात. बाईंनी या मुलींना रविवारी दुपारी बोलवायला सुरुवात केली. मुरमुरे भिजवून केलेली सुशीला भरपूर, आणि एक प्रकरण. बाई ते सांगायच्या. पुढच्या रविवारी एका मुलीनं ते आठवून परत सांगायचं आणि ती सांगेल तसं मी टाइप करायचं. मग बाई मूळ पुस्तक शेजारी घेऊन दुरुस्त्या करायच्या. भाषांतर करण्याची अशी पद्धत जगात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. पण मुलीच्या तोंडून जे पडलं नाही ते बाईंच्या लेखी मराठी झालंच नव्हतं.

त्यात गमती फार व्हायच्या. त्या देशात लोक दलदलीतली माती कापून, वाळवून जाळतात. मुरुडची सानिका हे ऐकेचना. माती कशी जळेल? बाईंनी पुष्कळ समजावलं, कुजलेलं गवत असतं, त्याची वीट कापतात, उन्हात ठेवतात. पुढच्या रविवारी सानिकेच्या तोंडून त्या विटांच्या गोवऱ्या होऊन आल्या, आणि नायिकेची आई त्या भिंतीवर थापत होती. सैनिकांच्या लॉऱ्या एसआरपीच्या गाड्या झाल्या. एकीनं गावी जाऊन तेच प्रकरण आजीला ऐकवलं, तर आजीला ती रझाकारांच्या काळातली गोष्ट वाटली आणि तिनं पुढचं न विचारताच डोळ्यांना पदर लावला.

एका रविवारी चाकूरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, समदे गोरे, समद्यांचा देव एकच. मग हा आपला का त्यांचा, हे कळायचं कसं त्यांना?"

"आडनावावरून," बाई म्हणाल्या.

मग कुणीतरी खुदकन हसलं आणि सगळ्याच हसायला लागल्या, पण ते हसणं निराळं होतं. "मग कळतंय आपल्याला," चाकूरची मुलगी म्हणाली आणि बाईंनी तिच्या ताटलीत आणखी सुशीला वाढली.

नांदेडच्या एका प्रकाशकाला या उद्योगाची कुणकुण लागली. निम्मी कादंबरीसुद्धा झाली नव्हती आणि त्यानं मुखपृष्ठ रंगवून घेतलं, किंमत ठरवली. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, असं मी म्हटलं. त्या क्षणी मला कल्पना नव्हती की म्हैस खरोखरच आमच्यात येऊन बसली आहे.

झालं असं. औशाची ऐश्वर्या एक प्रकरण सांगत होती. संध्याकाळची वेळ, नायिका जनावर बांधते आणि घरात येते. "त्यांची एक म्हैस असते," ऐश्वर्या म्हणाली, "भिंगरी नावाची. तिचं एक शिंग खाली वळलेलं असतंय." मी टाइप केलं. त्याच्या पुढच्या रविवारी भिंगरी पुन्हा आली, तेही टाइप केलं. पण मला 'समजा' नसलेला क्ष खुपतो. मुली जमल्या होत्या तेव्हा मी विचारलं, "बाई, आयर्लंडात म्हशी असतात का?"

कशाच्या म्हशी, असं त्या म्हणाल्या. मी वाचून दाखवलं. बाईंनी झोळीतून पुस्तक काढलं, पानं मागेपुढे केली. पुस्तकात एक तांबूस गाय होती, तिला नाव नव्हतं, शिंगांचा उल्लेख नव्हता. म्हैस कुणी घुसवली, असं मी मुलींना दटावून विचारलं. मुली एकमेकींकडे बघू लागल्या. "मॅडमनीच सांगितलं की," ऐश्वर्या म्हणाली. "शिंग कसं हाय ते हात वाकवून दाखवलं बी." बाकीच्यांनी हात वाकवून दाखवला. बाईंनी तो हात पाहिला आणि मुलींना आज लवकर जायला सांगितलं.

मुली गेल्यावर त्यांनी पुस्तक झोळीत ठेवलं. मग म्हणाल्या, "भिंगरी आमची होती."

शेजारी म्हणून मी बाईंना कितीतरी वर्षं ओळखत होते. त्यांचे वडील नांदेडच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचे, हे मला ठाऊक होतं. त्याआधी ते कुठले, हे मी कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. नांदेड जिल्ह्यातलंच एक गाव. बाई तेव्हा लहान, बाराएक वर्षांच्या. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला होता आणि मराठवाडा पेटला होता. गावाच्या खालच्या अंगाला या बौद्ध मंडळींची चार-पाच घरं. दिवेलागणीला भिंगरी बांधायचं काम पंचशीलेचं, म्हणजे बाईंचं. त्या संध्याकाळी म्हैस सुटली आणि थेट पाटलाच्या ज्वारीत घुसली. अशा दिवसांत आपली म्हैस पाटलाच्या ज्वारीत, म्हणजे मरणच. घरातली माणसं धावली, म्हशीला आवरता येईना म्हणून शेजारची धावली, म्हातारी माणसंही काठ्या घेऊन निघाली. ज्वारी डोक्याएवढी वाढलेली. सगळी वस्ती त्या ज्वारीत म्हैस शोधत असताना मागे गावातून जमाव आला आणि त्यानं रिकामी घरं पेटवली. माणसं ज्वारीत बसून ते बघत राहिली. जीव कुणाचा गेला नाही. रातोरात ओढा ओलांडून ती नांदेडला गेली आणि पुन्हा त्या गावी परतली नाहीत.

बाईंचे वडील, अण्णा, ही हकीकत मोंढ्यातल्या माणसांना आयुष्यभर कौतुकानं सांगत. माझ्या पोरीला गाठ मारता येत नाही म्हणून आम्ही जिते आहोत, असं म्हणत आणि हसत. ऐकणारेही हसत. पंचशीला मात्र त्या दिवसापासून गाठी मारायला शिकली. मारली ती नीट मारली होती, दोनदा ओढून बघितली होती, असं तिला आधी पक्कं आठवत होतं. पण अण्णांनी इतक्यांदा सांगितलं की तिलाही तिची गाठ सैल आठवायला लागली.

माझ्या डोळ्यांसमोर जावयांची चटणीची पिशवी आली आणि मला लाज वाटली.

पण बाईंचं दुखणं ते नव्हतं. दुखणं होतं कौसा. कौसा वरच्या आळीतली, पाटलांच्या भावकीतली, पंचशीलेची मैत्रीण. दोघी चिंचेखाली खेळायच्या, शाळेत शेजारी बसायच्या, आणि घरचे रागावले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा शेजारी बसायच्या. त्या दिवशी दुपारी कौसा खालच्या वाटेनं जाताना दिसली.

"मी हाक मारली, जोशीबाई," बाई म्हणाल्या. "तिनं ऐकली. मान फिरवली आणि गेली. तिला माहीत होतं का हो?"

एवढा एक प्रश्न घेऊन ही बाई नांदेडला वाढली, शिकली, लातूरला आली, शेकड्यानं मुलं शिकवली. गाव बसनं तीन तासांवर, पण उत्तर मिळेल या भीतीनं त्या तिकडे फिरकल्या नाहीत. आणि आता पुढच्याच प्रकरणात त्या आयरिश मुलीच्या मैत्रिणीला सगळं आधी कळतं आणि ती गप्प बसते. बाई म्हणाल्या, हे मी या पोरींना सांगायला बसले तर माझ्या तोंडातून शिव्या येतील नाहीतर रडू येईल, आणि पुस्तकात तर दोन्ही नाही. मी म्हटलं, मग ते प्रकरण गाळा. त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं आणि विचारलं, तुम्ही उदाहरणातली पायरी गाळता का?

काम थांबलं. रविवारी मुली यायच्या, सुशीला खायच्या, बाई त्यांना इंग्रजीचं व्याकरण सांगायच्या. मुलींचे चेहरे बघवत नसत. प्रकाशक फोन करायचा, बाई "हाव, हाव" म्हणून ठेवून द्यायच्या. पिशव्यांच्या गाठी आता मलाही कात्रीनं सुटेनात, दोनदा सुरी घ्यावी लागली.

मग दिवाळी आली आणि मुली आपापल्या घरी गेल्या. पुढचं मला ऐश्वर्यानं सांगितलं. औशाला घरी करंज्या चालल्या होत्या. आजी लाटत होती, ही भरत होती, आणि भरता भरता आयर्लंडातली गोष्ट सांगत होती. म्हैस काढून टाकायची ठरली होती, पण ऐश्वर्याला ती आवडायची म्हणून तिनं ठेवली. आजीचं लाटणं थांबलं. शिंग कोणतं, डावं का, असं तिनं विचारलं. ते ऐश्वर्याला ठाऊक नव्हतं. मग आजीनं म्हशीचं नाव विचारलं, आणि नाव ऐकल्यावर त्या दिवशीच्या बाकीच्या करंज्या सुनांनी केल्या.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी मी बाईंच्या ओसरीवर बसले होते. फाटक वाजलं. ऐश्वर्याबरोबर एक उंच, वाळलेली म्हातारी. नऊवारी, जाड चष्मा, आणि तोंडात नवी कवळी, तिची सवय झालेली नसावी कारण ती दर थोड्या वेळानं हातानं सावरत होती. बाई आतून हात पुसत आल्या आणि दारातच थांबल्या.

"पंचे," म्हातारी म्हणाली.

या नावानं बाईंना हाक मारणारं लातुरात कुणी नव्हतं. मी उठून उभी राहिले, जावं की थांबावं कळेना. आल्या माणसाला आधी पाणी देणाऱ्या बाईंनी पाणी विचारलं नाही, ये म्हटलं नाही.

"तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"हाव," कौसाबाई म्हणाल्या. "दुपारीच कळालं होतं."

बाईंनी चौकट धरली. मला वाटलं, झालं, संपलं, ही म्हातारी एवढं ऐकवायला कशाला आली? पण कौसाबाई पायरीवर बसल्या आणि सांगू लागल्या, कुणी ऐको न ऐको. त्या दुपारी बैठकीत चुलते आणि बाहेरची चार माणसं बसली होती. ही पाणी घेऊन गेली तेव्हा तिनं ऐकलं, दिवेलागणीला खालच्या आळीत जायचं. पोरीनं ऐकलं हे तिच्या आईनं पाहिलं. आईनं तिला चुलीपाशी नेलं, तिचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि आण घातली, कुणाशी एक शब्द बोललीस तर माझ्या गळ्याची आण. बारा वर्षांच्या पोरीला ती आण म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. आण मोडली की आई मेली.

"तू हाक मारली तवा म्हणून बोलले न्हाई," कौसाबाई म्हणाल्या. "बोलले असते तर आय मेली असती. कुणाशीच बोलले न्हाई म्या, एक शब्द न्हाई. सांजच्याला शेणाची पाटी घेऊन उकिरड्याला गेले. मागं भिंगरी बांधलेली." त्यांनी कवळी सावरली. "पर तुजी गाठ सुटंना गं. नखं मोडली. मग दातानं सोडली. समदं दावं शेणानं भरलेलं."

बाई चौकट सोडून एक पायरी खाली आल्या. "काय म्हणालीस?"

"दातानं सोडली म्हणलं. कसली गाठ मारायचीस तू! सुटली तवा दगडं मारून ज्वारीकडं हाकलली. म्हणलं, म्हशीमागं तर येतील सगळे."

बाई खाली बसल्या. आधी हसल्या, मोठ्यानं, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं. मग ते हसणं कधी रडणं झालं ते मला कळलं नाही. "म्हणजे बसली होती," त्या सारख्या म्हणत होत्या. "माझी गाठ बसली होती." कौसाबाई त्यांच्या पाठीवर हात फिरवत "लई घट्ट, लई घट्ट" म्हणत होत्या, जणू अजूनही त्या गाठीची त्यांना तक्रार होती. "अण्णा असायला पाहिजे होते," बाई म्हणाल्या. मीही रडले, सांगायला लाज कसली. इतका मोकळा श्वास मी माझ्या मुलीचं बाळंतपण सुखरूप झालं त्या दिवशी घेतला होता, त्यानंतर हाच.

कौसाबाईही का कधी आल्या नाहीत, ते मग चहा पिताना कळलं. पंची आपल्याला शिव्याशाप देत असेल, घर जळताना ही बोलली नाही म्हणून, असं धरून त्या चालल्या होत्या. आण पाळून आई वाचवली आणि मैत्रीण गमावली, एवढाच हिशोब त्यांना आयुष्यभर दिसला होता. म्हैस सोडल्याचं श्रेय त्यांनी त्यात कधी धरलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी बाईंनी ते अडलेलं प्रकरण सांगितलं. कौसाबाई मुद्दाम राहिल्या होत्या, मागे भिंतीला टेकून बसल्या. मला वाटलं होतं बाई आता त्या आयरिश मैत्रिणीलाही एखादी गाठ सोडायला लावतील. पण त्यांनी पुस्तकात होतं तेच सांगितलं. मैत्रिणीला सगळं कळतं, ती गप्प बसते, घर जळतं. शिवी नाही, रडू नाही. सानिका म्हणाली, ही मैत्रीण नालायक आहे.

"असंल," बाई म्हणाल्या. "पण तिनं आणखी काय काय केलं हे आपल्याला कुठं माहीत आहे? त्या मुलीलाही माहीत नाही. लिहिणारीलाही सगळं कळलं असेलच असं नाही." आणि मग बोट केलं, "आता तू सांग."

कादंबरी पुरी झाली. म्हैस काढून गाय घालायचं काम माझ्याकडे आलं. मी भिंगरीचं नाव खोडलं, संगणकाला 'म्हैस' दिसेल तिथे 'गाय' कर असं सांगितलं आणि निवांत झाले. 'म्हशीला', 'म्हशीचं', 'म्हशीनं' हे त्याला सांगायचं राहिलं. छापून आलेल्या प्रतीत गाय तांबूस आहे, बिननावाची आहे, आणि सतराव्या प्रकरणात ती मुलगी पावसातून धावत जाते आणि म्हशीच्या गळ्यात हात टाकते. मी कपाळावर हात मारला. बाईंनी ते पान दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, राहू द्या, पुढच्या आवृत्तीतही राहू द्या. अजून कुणा वाचकानं तक्रार केलेली नाही. आयर्लंडाबद्दल आपल्या लोकांचं इतकं अज्ञान आहे हे आमच्या पथ्यावर पडलं.

यंदा बाई नांदेडला मुलाकडे राहायला गेल्या. गुडघे बोलत होते आणि मुलगा ऐकत नव्हता. सामान आदल्या दिवशी टेम्पोनं गेलं, प्रत्येक खोक्याला सुतळी, आणि सून ते कसं उघडेल याची मला अजून काळजी आहे. बाई स्वतः बसनं निघाल्या, कारण त्यांना सरळ नांदेडला जायचं नव्हतं. वाटेत एका फाट्यावर उतरून आधी गावी जायचं होतं. कौसाबाई औशाहून सकाळीच आल्या होत्या. गावातली ती चिंच आहे की तोडली यावर दोघींचं लातूरच्या स्टँडवरच वाजलं, आणि कंडक्टरनं दोघींना आत घेतलं तरी ते मिटलं नव्हतं.

मी खिडकीखाली उभी होते. बस निघायला वेळ होता. कौसाबाईंना भूक लागली, त्यांनी बाईंच्या मांडीवरची धपाट्यांची पिशवी उचलली आणि बंद ओढून पाहिला, उलटून पाहिला, काहीतरी पुटपुटल्या. मग पिशवी सरळ तोंडाशी नेली. तिथे त्यांना कवळी आठवली असावी, कारण त्या थांबल्या आणि बाईंकडे बघितलं.

बाईंनी पिशवी घेतली आणि एका बोटानं कसलासा फास खेचला. गाठ सुटली. इतकी वर्षं आम्ही घरभर कात्र्या शोधत होतो. मी काही बोलणार तोवर बस हलली. दोघी धपाटे खात होत्या, तोंडं भरलेली, चिंचेचं भांडण पुन्हा सुरू झालेलं, आणि मला हात करायचं दोघींच्याही ध्यानात राहिलं नाही.